उजेड छान होता म्हणून

इंदूरच्या मराठी मंडळींत प्रभाताई मोहित्यांचं नाव निघालं, की कोणीतरी हमखास म्हणतं, "त्याच ना, ज्यांनी एका फोटोपायी वसंत खऱ्यांना आईचं शेवटचं तोंड पाहू दिलं नाही?" हे वाक्य मी लग्नांत ऐकलं आहे, गणपतीच्या मांडवात ऐकलं आहे, आणि प्रभाताई गेल्या त्या आठवड्यात बँकेच्या रांगेतही ऐकलं. प्रत्येक वेळी मी नुसती मान हलवली. ती 'हो' म्हणून हलली की 'नाही' म्हणून, ते समोरच्याने आपल्या सोयीने ठरवलं.

ते वाक्य खोटं आहे. त्या दिवशी उशीर प्रभाताईंमुळे झाला नव्हता, माझ्यामुळे झाला होता. कसा, ते सांगतोच. पण आधी त्या कोण होत्या ते सांगायला हवं. कारण ज्यांनी त्यांना पाहिलं नाही, त्यांच्यासाठी त्या आता या एका वाक्यापुरत्याच उरल्या आहेत.

बडा गणपतीकडून आत वळलं की एका मिठाईवाल्याच्या वर त्यांचा स्टुडिओ होता. जिना इतका अरुंद की वर जाणाऱ्याने आधी हाक मारून विचारायचं, कोणी उतरतंय का. मोहिते मूळचे होळकरांच्या फौजेतले. घराण्याची एक तलवार अजून शिल्लक होती, आणि ती स्टुडिओत मागच्या निळ्या पडद्याची दोरी अडकवायला भिंतीत ठोकलेली होती. "पणजेसासऱ्यांची," त्या नव्या गिऱ्हाइकाला सांगत. "लढाईत किती चालली माहीत नाही, भिया. इथे मात्र रोज ड्यूटीवर असते."

नवरा असेपर्यंत त्या आतल्या खोलीत बसून फोटो सुधारायचं काम करत. नवरा गेल्यावर कॅमेरा उचलला आणि लग्नं घ्यायला लागल्या. नऊवारीतल्या विहीणबाईंना पँट घातलेली फोटोग्राफर बाई पसंत नसे, पण प्रभाताई कोणाच्या पसंतीसाठी थांबत नसत. एका लग्नात स्टेजवर इतके प्रतिष्ठित लोक चढले की वधू दिसेनाशी झाली. प्रभाताईंनी कॅमेरा खाली केला आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "भियाजी, जरा सरकता का? नवरीला पण बोलावलंय लग्नाला." सगळा मांडव हसला. प्रतिष्ठित लोक उतरले. बिदागी मात्र पूर्ण मिळाली नाही, असं त्या स्वतःच हसत सांगत.

मला त्या भेटल्या मी वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर. मुलाने कॅमेरा पाठवला होता आणि तो कपाटात पडून होता. त्यांची रविवारची एक फेरी असे. सकाळी राजवाड्यापाशी जमायचं, फोटो काढत हिंडायचं आणि शेवटी पोहे-जिलबी. आम्ही सगळे पांढऱ्या केसांचे विद्यार्थी. मी त्यांच्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठा, तरी त्या मला 'काका' आणि मी त्यांना 'ताई'.

त्यांची एक सवय होती. कुठेही गेल्या की आधी स्वतःचा तळहात पुढे धरून त्याच्याकडे बघत. हातावर उजेड कसा पडतो ते पाहून ठरवत, कॅमेरा काढायचा की नाही. पुष्कळदा नाहीच. आम्ही ताटकळलेले, आणि त्या तळहात खिशात घालून म्हणत, "चला, पोहे खा. इथे आज काही नाही." कोणी समोरचं दृश्य पाहून 'वॉव' म्हटलं की त्यांना राग येई. "वॉव म्हणणाऱ्याचा हात हलतो. आधी गप बसा, मग क्लिक करा."

दर हिवाळ्यात त्या चार-पाच जणांना घेऊन हिमालयात जात. नुसती सहल नव्हती ती. त्या बर्फात फोटो काढायला शिकवत. बॅटऱ्या थंडीत मरतात म्हणून त्यांनी जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवल्या होत्या. त्या गळ्यात घालून स्वेटरच्या आत ठेवायच्या. बाहेरून आत येताना कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचा, नाहीतर काचेला आतून घाम येतो. "कॅमेऱ्याला बर्फ दिसला ना, की तो घाबरतो," त्या सांगत. "सगळं राखाडी करून टाकतो. त्याला समजवावं लागतं, बाबा रे, खरंच इतकं पांढरं आहे."

आणि सगळ्यात कडक नियम एक. रात्री पडलेल्या कोऱ्या बर्फावर, सगळ्यांचे फोटो होईपर्यंत, कोणी पाय ठेवायचा नाही. एक पाऊल उमटलं की ते पुसता येत नाही, आणि सगळ्यांची सकाळ वाया जाते. एकदा एका दंतवैद्यांनी उत्साहात चार पावलं टाकली, तर प्रभाताईंनी त्यांना तिथेच उभं राहायला लावलं. "आता हलू नका, दिघे साहेब. आता तुम्हीच सब्जेक्ट." बाकीच्यांनी त्यांचे फोटो काढले. दिघ्यांनी त्यातला एक आपल्या दवाखान्यात लावला.

निघण्याआधी त्या खजराण्याच्या गणपतीला जात. तिथे लोक देवळाच्या मागच्या भिंतीवर नवस म्हणून उलटा स्वस्तिक काढतात आणि इच्छा पुरी झाली की येऊन सुलटा काढतात. प्रभाताई आधीच सुलटा काढून येत. मी विचारलं तर म्हणाल्या, "गणपतीला आधी अडकवून ठेवायचं आणि मग सोडवायचं, हे मला जमत नाही. आपण थँक्यू म्हणून टाकायचं. पुढे त्याची मर्जी."

त्या वर्षी आम्ही स्पितीत गेलो. प्रभाताई, दिघे नवरा-बायको, माझा शाळेपासूनचा मित्र वसंत खरे, आणि मी. गाडी चालवणारा तंझिन तिथलाच. शिमल्यावरून सतलजच्या कडेकडेने वर चढत गेलो, पुढे स्पिती नदी लागली. तिचे काठ गोठलेले, मधून एक काळीनिळी धार तेवढी वाहत होती. समोरच्या डोंगरांच्या खांद्यांवरून हिमनद्या उतरलेल्या. आम्ही एका चिमुकल्या गावात, एका बाईंच्या मातीच्या घरात उतरलो. त्यांना सगळे 'आमा' म्हणत. एकच खोली उबदार, मधोमध लोखंडी बुखारी, म्हणजे शेगडी, आणि तिच्याभोवती भिंतीला लागून गाद्या. प्रभाताईंनी इंदूरहून शेवेचा डबा आणि पोहे आणले होतेच. बुखारीवर पोहे झाले, त्यावर जीरावन मसाला पडला. आमांना तो इतका आवडला की त्या आपल्या थुकप्यावर, शेवयांच्या सूपवरही घालू लागल्या.

चार दिवस फार छान गेले. मग वसंताला घरून फोन आला. आईला ताप होता. नव्वदीच्या पुढची बाई. फोन मधेच तुटला आणि त्या संध्याकाळी नेटवर्क गेलं ते गेलंच. तंझिन आकाशाकडे बघून म्हणाला, "मौसम ठीक नहीं है." प्रभाताईंनी लगेच ठरवलं. "खरेजी, सामान बांधा. उद्या उजाडता निघू. आईंना भेटायचंय." अजून दोन दिवसांचा मुक्काम बाकी होता, पण कोणी कुरकुर केली नाही.

मी केली. मनातल्या मनात.

गावासमोर एक पसरट मैदान होतं आणि त्याच्या पलीकडच्या चढावरून गाव, बौद्ध भिक्षूंचा गोंपा आणि मागची हिमनदी एका ओळीत दिसे. तो फोटो मी शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवला होता. आता तो दिवसच राहिला नव्हता. मी विचार केला, झुंजूमुंजू व्हायच्या आत जाऊन चहाच्या वेळेला परत येईन. कोणाला न सांगता निघालो. तेव्हा बर्फ थांबला होता आणि मी गावाच्या मागून, वाटेवाटेने त्या चढावर पोहोचलो. फोटो मिळाला. चांगला मिळाला, हेही सांगून टाकतो.

परत निघताना माझ्यासमोर ते मैदान होतं. रात्रीच्या बर्फाने झाकलेलं, एकही खूण नसलेलं. सरळ चालत गेलो असतो तर घर दगडाच्या टप्प्यात होतं. पण माझ्या मनात आलं, निघण्याआधी बाकीच्यांना इथून एक फोटो काढायचा असेल. मी पावलं उमटवली तर प्रभाताई काय म्हणतील? म्हणून मैदान सोडून, आल्या वाटेपेक्षा जवळ पडेल असं समजून, मी बाजूच्या टेकडीला वळसा घालून निघालो. टेकडीमागे वाऱ्याने बर्फ साठवला होता, तो मला दिसला नाही. आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. एक पाय काढावा तर दुसरा आत. वर बर्फ पुन्हा पडू लागला.

तिथे मी किती वेळ होतो ते मला माहीत नाही. मला शोधायला आलेल्या प्रभाताईंचा आवाज आधी ऐकू आला. "लेले काका! ओ काका!" पुढे होऊन त्यांनी ट्रायपॉड आडवा टाकला, मला तो धरायला लावला आणि ओढलं. मी बाहेर आलो. दोघंही बर्फात बसलो होतो, धापा टाकत.

"इकडून कशाला आलात? समोरून सरळ रस्ता आहे ना!"

"पावलं उमटली असती," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "अहो काका, बर्फ तो वापस गिरेगा ना!" मग आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "उठा. जल्दी."

आम्ही दोघं ट्रायपॉड घेऊन परतलो. इतरांना वाटलं, दोघं मिळूनच गेलो असणार. घाईघाईने गाडीत बसलो. गावाबाहेरच्या दुसऱ्या वळणावर डोंगराचा बर्फ रस्त्यावर उतरलेला होता. गाडीपेक्षा उंच. तंझिनने इंजिन बंद केलं. "सुबह निकल जाते तो पार हो जाते," तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. त्याने जे होतं ते सांगितलं.

वसंता मागे वळला. "ताई, उशीर का झाला?"

माझं तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण त्याआधी प्रभाताई म्हणाल्या, "मी थांबवलं. काकांना घेऊन गेले होते. उजेड छान होता, म्हणून थांबले."

मी तोंड मिटलं.

त्यानंतरचे दिवस त्या एका खोलीत गेले. बर्फ पडतच राहिला. खिडक्या खालून वर भरत गेल्या. आधी रस्ता दिसेना, मग समोरचं घर, मग काहीच नाही. बुखारीत शेणी जळत आणि धूर खोलीतच फिरे. संडासापर्यंत जायला रोज बर्फात बोगदा खणावा लागे. मातीचं छत वजनाने बसू नये म्हणून फावड्याने ते मोकळं करायचं, एवढंच बाहेर पडायचं निमित्त. बाकी वेळ गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. कोणाची नजर चुकवावी तर दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेत पडावं, इतकी ती खोली लहान. फोन सगळ्यांच्या हातात, आणि सगळे मुके.

वसंता प्रभाताईंशी बोलेनासा झाला. तोंडासमोर त्या बसलेल्या असताना तो मला सांगे, "लेल्या, त्यांना सांग, छत झालं." मी त्यांना सांगे, "ताई, छत झालं." त्या म्हणत, "बरं." बुखारीच्या अगदी जवळची जागा रोज त्यालाच मिळे, आणि ती त्याच्यासाठी कोण राखून ठेवतं हे त्याच्या कधी लक्षात आलं नाही. शेव संपत आली तेव्हा त्या डबा त्याच्याकडे सरकवत. तो खात नसे. सौ. दिघे रडू लागल्या की प्रभाताई त्यांना स्वेटरची उसवलेली बाही शिवायला देत. ती शिवून झाली की दुसरी उसवत.

एकदा छतावर आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "ताई, मी वसंताला सांगतो."

त्या फावडं मारत राहिल्या. "खाली किती खोल्या आहेत, काका?"

"एकच."

"मग? तिथे तुम्ही गुन्हेगार झालात तर जाणार कुठे? खरेजी तुमचे दोस्त आहेत. बाहेर असते तर भांडून घरी गेले असते. इथे शेजारीच झोपायचंय. माणूस अशा वेळी काय करेल, सांगता येत नाही."

"आणि तुमच्यावर चिडलेत ते?"

"मी गाईड आहे. अडकलं की गाईडलाच शिव्या द्यायच्या असतात. पैसे भरलेत ना त्यांनी!" त्या हसल्या. "इंदूरला पोचलो की सांगा. तेव्हा आईंचा ताप उतरलेला असेल, तेही हसतील."

मला हे इतकं सोयीचं वाटलं की मी पुन्हा विचार केला नाही.

मग एका दुपारी बर्फ थांबला आणि कुठलातरी टॉवर जिवंत झाला. खोलीतले सगळे फोन एकदम वाजू लागले. आम्ही आनंदाने ओरडलो. वसंता आपला फोन डोळ्यांजवळ धरून वाचत होता. त्याच्याकडे निरोप एकामागून एक, ज्या क्रमाने पाठवले होते त्याच क्रमाने येत होते. आईला दवाखान्यात नेलंय. तुझं नाव घेतेय. फोन कर. कुठे आहेस? आणि शेवटी त्याच्या पुतण्याने लिहिलं होतं की, काका, अग्नी मी दिला.

सगळं मिळून एका मिनिटात. त्याने फोन गादीवर पालथा ठेवला. प्रभाताई उठून त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. तो त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "तुमच्यामुळे."

खोलीत बुखारीचा आवाज येत होता. मी तिच्या पलीकडे, हातभर अंतरावर होतो. प्रभाताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हो," त्या म्हणाल्या.

मशीन येऊन रस्ता मोकळा झाला. खाली उतरताना चहाला थांबलो, तेव्हा त्या माझ्याजवळ आल्या. "आता खोली राहिली नाही, काका. आता तुम्ही बोलू शकता. मी माझ्या तोंडाने फिरवणार नाही, ते बरं दिसत नाही." एवढंच. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही.

मी बोललो नाही. आधी म्हटलं, वसंताचं सुतक फिटू दे. मग म्हटलं, वर्ष होऊ दे. तोवर त्याने ती गोष्ट इंदूरभर सांगितली होती आणि ती मागे घेणं माझ्या हाताबाहेर गेलं होतं. निदान मी तसं ठरवलं होतं. पुढच्या हिवाळ्यात प्रभाताईंबरोबर जायला कोणी तयार झालं नाही. रविवारची फेरी विरळ होत गेली, मग थांबली. दिघ्यांनी दवाखान्यातला फोटो उतरवला. त्या पासपोर्टचे, शाळेच्या फॉर्मचे फोटो काढत राहिल्या. हे सगळं मला दुसऱ्यांकडून कळे, कारण मी बडा गणपतीवरून जाणं सोडलं होतं. औषधांच्या दुकानाला तोच रस्ता जवळचा होता. मी दुकान बदललं.

यंदा फाल्गुनात त्या गेल्या. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी वसंताकडे गेलो. तो गॅलरीत मटार सोलत बसला होता. मी खुर्चीवर बसलो नाही, उभ्यानेच म्हणालो, "वसंता, त्या दिवशी उशीर माझ्यामुळे झाला. मी एकटाच गेलो होतो, आणि अडकलो. त्या मला शोधायला आल्या होत्या."

त्याने विचारलं नाही, कुठल्या दिवशी. तो सोलतच राहिला. दाणे सालांच्या टोपलीत टाकत होता आणि सालं पातेल्यात.

"दर गणपतीला तू माझ्या पानाला पान लावून जेवलास," तो म्हणाला.

"हो."

"मी ती गोष्ट सांगायचो, तेव्हा शेजारी बसलेला असायचास."

"हो."

"मी म्हटलं, तुमच्यामुळे. तर ती बाई 'हो' म्हणाली. का म्हणाली?"

मी छतावरचं सगळं सांगितलं. त्याने पातेलं बाजूला सारलं. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "मी किती लोकांना सांगितलं असेल, लेल्या? आता म्हातारपणी कोणाकोणाचे जिने चढू? तू लिही. तुझ्या नावाने लिही." म्हणून हे लिहितो आहे.

मी निघालो तेव्हा त्याने मला थांबवलं. रस्त्याकडे बघत विचारलं, "आईच्या तेराव्याला ती आली होती. हातात फोटो होता. मी बघितला नाही. तू बघितलास का?"

"बघितला."

"कशी दिसत होती आई?"

मला त्याला सांगावं लागलं, आणि तेच इथेही सांगतो, कारण मी प्रभाताईंना पाहिलं ते तेव्हा शेवटचं.

तिलकनगरातल्या वसंताच्या घरी पानं मांडली होती. मी दारासमोरच, पहिल्या पंगतीत बसलो होतो. प्रभाताई पायरीशी आल्या. नेहमीची पँट नव्हती, साधी सुती साडी होती. निघण्याआधी सगळ्यांचं सामान तपासायला त्या घरोघर गेल्या होत्या, तेव्हा वसंताकडे त्यांनी त्याच्या आईंचा एक फोटो काढला होता. तो मोठा करून, फ्रेम करून आणला होता. आई पलंगावर बसलेल्या, वसंताची लोकरीची टोपी स्वतःच्या डोक्यावर घालून, तोंडात एकही दात नसताना कोणालातरी दटावताहेत. टोपी डोळ्यांवर आलेली. मागे वसंताचा नुसता हात दिसतो, टोपी परत मागणारा.

वसंता दारात आडवा उभा राहिला. "तुमचा फोटो आमच्या घरात नको," तो म्हणाला. आत वाढणारे थांबले.

त्याच्या खांद्यावरून प्रभाताईंना मी दिसलो. समोर वाढलेलं पान, आणि त्यावर टेकलेला माझा हात. आमची नजरानजर झाली. मी काही म्हणेन याची त्यांनी क्षणभर वाट पाहिली असेल. मला नक्की सांगता येत नाही. मग त्यांनी नजर काढून घेतली. इतक्या सहज, की माझ्याकडे पाहिलं होतं हे कोणाच्या लक्षात येऊ नये.

"बरं," त्या वसंताला म्हणाल्या. "पानं वाढलीत, बसून घ्या तुम्ही. लोक थांबलेत."

फ्रेम उलटी करून त्यांनी छातीशी धरली, चपला घातल्या आणि अंगण ओलांडून गेल्या. आत मंत्र सुरू झाले होते. फाटकाची लोखंडी कडी आवाज करणारी होती. त्यांनी ती एका हाताने धरली, हळूहळू खाली आणली आणि वाजू न देता सोडली.